कडवटपणाची भीड

ॲबसिंथ कडूच असली पाहिजे, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. घोट घेतल्यावर तोंड वाकडं झालं नाही तर ती ॲबसिंथ कसली, हिरवा रंग दिलेलं बडीशेपेचं सरबत झालं, असं मी चारचौघांत ऐकवत असे. आता मी बरोबर उलट बोलतो. पारंपरिक फ्रेंच पद्धतीची म्हणवणारी हिरवी ॲबसिंथ कडूजहर लागली, तर बनवणाऱ्याने भट्टीला फाटा दिला असावा, अशी शंका मला पहिल्याच घोटाला येते. माझं जुनं मत ज्यांनी ऐकलं, त्यांतले काहीजण ते अजूनही पुढे ऐकवतात. निदान त्यांच्यासाठी तरी हे लिहायला हवं.

कडवटपणाबद्दलचा हा आदर घरातून आलेला. ताप आला की किराईताचा काढा, पाडव्याला कडुनिंबाचा पाला, आणि तोंड वाकडं केलं की मोठ्यांचं ठरलेलं उत्तर : कडू आहे म्हणूनच गुणकारी आहे. कारली मीठ लावून, पिळून, कडूपणा काढून मग फोडणीला टाकणाऱ्या सुनांना आमची आजी म्हणायची, "मग कारलं कशाला करता गं, दुधी करा की!" हे वाक्य माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की पुढे कॉफी असो, चॉकलेट असो की दारू, कडू ते अस्सल आणि गोड ते बाजारू अशी माझी सरळ विभागणी असे.

त्यात ॲबसिंथ ज्या झाडावरून ओळखली जाते ते झाड खरोखरच भयानक कडू. आर्टेमिसिया ॲबसिंथियम हे त्याचं शास्त्रीय नाव. आपला दवणा, जोतिबाला चैत्रात वाहतात तो, याच आर्टेमिसिया कुळातला, त्यामुळे पान चुरगाळलं की मराठी नाकाला पहिल्या क्षणी ओळखीचं काहीतरी लागतं. पण तोच अंगठा चुकून ओठाला लागला की ओळख संपते. ॲबसिंथिन नावाचं द्रव्य त्यात असतं, आणि माणसाला माहीत असलेल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. झाड इतकं कडू, मग दारू कडू नको? माझा युक्तिवाद एवढाच होता, आणि तो मला पुरेसा वाटत होता.

माझी पहिली ॲबसिंथ एका विमानतळावरच्या दुकानातली. निळसर हिरवी, आत झाडाची एक काडी तरंगणारी, लेबलवर थुजोनचा, म्हणजे झाडातल्या विषारी समजल्या जाणाऱ्या द्रव्याचा, आकडा मोठ्या अक्षरांत. ती इतकी कडू होती की पुढचं जेवण बेचव लागलं, आणि मी खूश झालो. साखर पेटवून ती पेल्यात बुडवायची, असंही दुकानदाराने सांगितलं होतं. ही आगीची करामत 1990च्या दशकात चेक बारमध्ये निघाली. फ्रान्सच्या जुन्या रिवाजाशी तिचं काही नातं नाही. तिच्यावर याहून जास्त शाई घालवावीशी वाटत नाही.

नोकरीमुळे फ्रान्समधल्या बझांसाँला राहायला आलो आणि हळूहळू पाया हलू लागला. पाँतार्लिये इथून मोटारीने तासाभरावर. स्विस सरहद्दीजवळचं, आठशे मीटरहून उंचावरचं थंड गाव. सरहद्दीपलीकडच्या व्हाल-द-ट्राव्हेर खोऱ्यात, कूव्हे गावात ॲबसिंथची पहिली भट्टी लागली, आणि 1805 मध्ये आंरी-लुई पर्नोने जकात वाचवायला ती अलीकडे पाँतार्लियेत आणली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या एवढ्याशा गावात वीसच्या वर भट्ट्या होत्या. आज मोजक्या उरल्यात, पण त्या चालू आहेत आणि बघायला मिळतात.

तांब्याच्या भांड्यासमोर उभं राहिल्यावर जी गोष्ट समजली ती खरं तर शाळेतल्या रसायनशास्त्राची. कडू द्रव्य वाफेबरोबर वर चढत नाही. झाडं रात्रभर कडक अल्कोहोलमध्ये भिजवतात, मग पाणी घालून ते सगळं ऊर्ध्वपातनाला लावतात. वास देणारी तेलं वाफ होऊन पलीकडे उतरतात, आणि ॲबसिंथिन झाडाच्या चोथ्याबरोबर भांड्याच्या तळाशी राहतं. म्हणजे ही सगळी खटपट मुळात कडूपणा मागे ठेवण्यासाठीच आहे. माझ्या विमानतळी बाटलीत ही पायरीच नव्हती. झाड दारूत भिजवलं, गाळलं, रंग घातला, झालं काम. मी ज्याला अस्सलपणा समजत होतो तो न केलेल्या कामाचा अवशेष होता.

मग जुन्या कृती पाहिल्या. एकोणिसाव्या शतकातल्या द्युप्लेच्या ऊर्ध्वपातनावरच्या ग्रंथात पाँतार्लियेची कृती दिली आहे : अडीच किलो वाळकी ॲबसिंथ, पाच किलो हिरवी ॲनिस, पाच किलो फ्लॉरेन्सची बडीशेप आणि 85 टक्क्यांचं 95 लिटर अल्कोहोल. नाव जिचं, ती वनस्पती दोन्ही बियांच्या एकत्र वजनाच्या पाव भाग! रंग नंतर येतो. उतरलेल्या पाण्यासारख्या स्वच्छ दारूचा काही भाग बाजूला काढून त्यात एक किलो धाकटी ॲबसिंथ म्हणजे आर्टेमिसिया पाँटिका, एक किलो हिसॉप आणि अर्धा किलो मेलिसा गरम करतात. पानांतलं हरितद्रव्य उतरतं, गाळून ते उरलेल्या दारूत मिसळतात. हिरवेपणा एवढाच, बाकी रंग नाही. म्हणून चांगली बाटली गडद काचेची असते, आणि उजेडात राहिली तर हिरवा रंग ऑलिव्हकडे आणि पुढे वाळक्या पानाच्या तपकिरीकडे सरकतो. वर्षानुवर्षं फडताळात राहूनही हिरवीगार दिसणारी बाटली बघितली की मी आता आधी लेबलवरचे रंगांचे क्रमांक वाचतो.

चाखायची रीतही मला नव्याने शिकावी लागली. आमच्या इमारतीत घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे पहिल्यांदा मी पेल्यात भसकन पाणी ओतलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही पाणी घालताय की आग विझवताय?" त्यांच्याकडे चार तोट्यांचं काचेचं कारंजं आहे. तोटी अगदी किंचित उघडायची, बर्फाच्या पाण्याचा एकेक थेंब. तीस मिलीलिटर ॲबसिंथमध्ये थेंब पडतात तेव्हा सुरुवातीला ढग वगैरे काही दिसत नाही. पेल्यात तेलकट दोरे सुटतात, हलतात आणि विरतात. मग तळाशी धूसरपणा जमतो आणि त्याची कड वर सरकू लागते, वर हिरव्या दारूची पट्टी बारीक होत जाते. ॲनिसमधलं ॲनेथॉल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. अल्कोहोल पातळ झालं की ते सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडतं आणि उजेड विखुरतो. फ्रेंच याला लूश म्हणतात.

याच वेळी नाक पेल्यावर ठेवायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या मते चाखण्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच आहे. पाण्याआधी 68 टक्क्यांच्या दारूत अल्कोहोलच नाकावर धावून येतं. पाणी पडू लागलं की आधी बडीशेप, मग डोंगरी गवताचा, काहीसा पुदिन्याकडे झुकणारा थंड वास, आणि शेवटी लिंबाचा पुसटसा अंश. तीस मिलीमध्ये नव्वद मिली पाणी गेलं की पेल्यातली दारू सतरा टक्क्यांवर येते, म्हणजे वाइनपेक्षा थोडीशीच कडक. आणि इथेच खरी परीक्षा. इतकं पाणी घातल्यावरही प्रत्येक झाड जाणवलं पाहिजे, पण एकानेही पुढे येऊन छाती ठोकता कामा नये. गोड्या मसाल्याचं जे गणित तेच इथलं. दगडफूल कळलं तर ते जास्त झालं, मुळीच नसलं तर आमटी पोकळ लागते.

लूशबद्दलचं माझं मतही या ओघात पालटलं. पांढरंफेक, दाट, झटकन जमणारं लूश म्हणजे उत्तम माल, असं अनेकांना वाटतं, मलाही वाटायचं. पण चक्रीफुलात ॲनेथॉल भरपूर असतं आणि ते ॲनिसपेक्षा स्वस्त पडतं. ते सढळ हाताने घातलं की लूश भरगच्च होतं, आणि जीभ बधिर होऊन पुढचं काही कळेनासं होतं. आता मला पारभासक, कडेला निळसर-हिरवी झाक ठेवणारं, सावकाश येणारं लूश भरवशाचं वाटतं. दिसायला ते कमी रुबाबदार असतं, हे खरं.

कडू म्हणजे अस्सल, या समजुतीच्या मुळाशी आणखी एक आकर्षण होतं आणि तेही सांगून टाकतो : विषाचं. फ्रान्सने 16 मार्च 1915 रोजी कायदा करून ॲबसिंथ बंद केली, त्याआधी स्वित्झर्लंडने. वेडेपणा, झटके, खून यांचं खापर तिच्यावर फुटलं. मान्याँ नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने जनावरांना झाडाचं तीव्र तेल दिलं होतं, आणि त्यांना आलेल्या झटक्यांवरून पेलाभर दारूचा निवाडा झाला. बंदीपूर्वीच्या तेरा बाटल्यांची तपासणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत थुजोन लिटरला सरासरी 25.4 मिलिग्रॅम निघालं. आजची युरोपीय मर्यादा किलोला 35 मिलिग्रॅम आहे. तेव्हाच्या पिणाऱ्यांचं जे वाटोळं झालं ते मुख्यतः अल्कोहोलने, आणि भेसळीच्या स्वस्त मालाने त्यात भर घातली असणार. हे वाचल्यावर माझ्या विमानतळी बाटलीवरचा तो अभिमानी आकडा केविलवाणा वाटला. माझ्यासारख्यांना काय विकलं जातं हे दुकानदाराला बरोबर ठाऊक होतं.

सरहद्दीपलीकडच्या स्विस खोऱ्यात बंदीतही चोरून ॲबसिंथ उतरत राहिली. ती बिनरंगाची. रंगवायची पायरी गाळलेली, दिसायला पाण्यासारखी, लपवायला सोपी. 2005 मध्ये ती कायदेशीर झाली. ती उत्तम असते, मऊ आणि फुलांच्या वासाची, आणि त्या खोऱ्यातली माणसं हिरवीला नाकं मुरडतात. तिथे मात्र माझी आजी जागी होते.

कारण हिरवीत थोडा कडूपणा असतोच, आणि तो रंगवण्याच्या पायरीतून येतो. धाकटी ॲबसिंथ ऊर्ध्वपातनानंतर घातली जाते, म्हणून तिचं कडू मागे राहत नाही, दारूत उतरतं. घोट गिळून झाल्यावर, ॲनिसचा गोडवा ओसरताना, जिभेच्या कडांना एक बारीक रेघ उमटते आणि मिनिटभर टिकते. साखर घातली की ती बुजते, म्हणून शेजारचे गृहस्थ कितीही म्हणाले तरी मी साखरेचा खडा चमच्यावरून उचलून बाजूला ठेवतो. आमचा हा वाद मिटलेला नाही. त्यांच्या मते साखरेशिवाय ॲबसिंथ पिणं हा परदेशी माणसाचा हट्ट, माझ्या मते चांगल्या मालाला साखर लावणं हा जुन्या काळच्या वाईट मालाचा वारसा.

कडूपणाबद्दलचा माझा हिशोब सध्या इथे येऊन थांबलाय : आधी येऊन बसला तर बाटली वाईट, शेवटी रेंगाळला तर चांगली. जिच्यात तो औषधालाही सापडत नाही ती मी पाहुण्यांसाठी ठेवतो. त्यांना बहुधा तीच आवडते.