जावेदचा सिक्स, कानिटकरचा चौकार

मागच्या रविवारी सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात आम्ही कॉलेजचे सहा मित्र बऱ्याच वर्षांनी एकत्र बसलो. दोघे पुण्याहून आलेले, एक चादरीच्या धंद्यात, एक शिक्षक, एकाचं मेडिकल आणि मी. सगळे पन्नाशीकडे झुकलेले. बीपी, शुगर, मुलांच्या फिया यावर बोलून झालं. मग कुणीतरी म्हणालं, "तो कानिटकरचा चौकार आठवतो का बे?" बस्स. पुढचा तासभर दुसरा विषय निघाला नाही.

तरुण वाचकांसाठी सांगतो. १८ जानेवारी १९९८, रविवार. ढाक्याला इंडिपेन्डन्स कपची तिसरी फायनल होती. आधीच्या दोन फायनलमध्ये एक भारताने जिंकलेली, एक पाकिस्तानने. पाकिस्तानने ४८ षटकांत ३१४ धावा केल्या. सईद अन्वर १४०, इजाज अहमद ११७. तोवर वनडेत एवढ्या धावांचा पाठलाग करून कुणीच जिंकलं नव्हतं. पण गांगुलीने १२४ केल्या. रॉबिन सिंगला वरच्या नंबरवर पाठवलं, त्याने ८२ केल्या. दोघांनी मिळून १७९ धावा जोडल्या. मग विकेट पडत गेल्या आणि ढाक्यात अंधार पडत गेला. शेवटी दोन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या. गोलंदाज सकलेन मुश्ताक. समोर पुण्याचा हृषीकेश कानिटकर, महिन्याभरापूर्वी संघात आलेला डावखुरा पोरगा. त्याने बॅट फिरवली आणि चेंडू मिडविकेटला सीमेपार गेला.

त्या वेळी कोण कुठे होतं हे प्रत्येकाला आठवत होतं. एक जण गड्ड्यात होता. सिद्धेश्वराची यात्रा नुकतीच झालेली, होम मैदानावर पाळणे फिरत होते आणि एका स्टॉलवाल्याने छोटा टीव्ही लावला होता. त्याच्याभोवती इतकी गर्दी झाली की शेजारच्या भजीवाल्याचा धंदा बसला. एक जण वडिलांच्या दुकानात रेडिओला कान लावून होता. एकाकडे ऐन वेळी लाइट गेली. त्याने तो चौकार पाहिलाच नाही, पलीकडच्या गल्लीतून आलेल्या आरोळीवरून त्याला कळलं. मेडिकलवाला तर ठामपणे म्हणाला की तो सिक्स होता. त्याला सगळ्यांनी मिळून झापलं. सहा जणांचे सहा कानिटकर, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो.

माझी पाळी आली. मी त्या दिवशी ज्याच्या घरी होतो तो मित्र, म्हणजे आमचा शिक्षक, माझ्या समोरच बसला होता. आमची ओळख कॉलेजच्याही आधीची, प्राथमिक शाळेपासूनची. त्या वर्षी रमजान आणि संक्रांत एकाच महिन्यात आले होते. विजापूर वेशीत इफ्तारचा बाजार भरायचा आणि तिकडे होम मैदानावर गड्डा. मला रोजा होता. मित्राच्या आईने माझ्यासमोर चहा नको म्हणून सगळ्यांचा चहा आत स्वयंपाकघरात दिला. मॅच संपली तेव्हा ढाक्यात दिवस मावळला होता, सोलापुरात मात्र ऊन अजून भिंतीवर होतं. निघताना काकूंनी तिळगूळ कागदात बांधून दिला. "रोजा सुटल्यावर खा," म्हणाल्या. त्या दिवशी दस्तरखानावर खजुराच्या शेजारी तिळगूळ होता.

ही गोष्ट मी नेहमी इथपर्यंतच सांगतो. लोकांना आवडते. मलाही आवडते, कारण ती खरी आहे. पण चौकार गेल्यावर मी काय केलं ते मी सांगत नाही. मी घराबाहेर पळालो, रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. कानिटकर जिंकला याचा आनंद होताच, तो कुणी शिकवलेला नव्हता. पण तेवढा आवाज फक्त आनंदाचा नव्हता. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीला तो ऐकू जावा अशी माझी धडपड होती.

त्याचं कारण बारा वर्षं मागे आहे.

१८ एप्रिल १९८६, शुक्रवार. शारजात ऑस्ट्रल-एशिया कपची फायनल. भारताच्या २४५ धावा, गावसकर ९२. पाकिस्तानची एक बाजू पडत होती आणि दुसऱ्या बाजूला जावेद मियांदाद उभा होता. मी नऊ वर्षांचा. शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर अब्बा, मामू आणि मी. शेवटच्या षटकात पाचव्या चेंडूवर तौसीफ अहमद कसाबसा एक धाव पळाला. अझरुद्दीनचा थ्रो स्टंपला लागला असता तर तो आउट होता. लागला नाही. मामू पुटपुटला, "अब इसका नाम लेंगे." शेवटचा चेंडू, चार धावा हव्यात. चेतन शर्माला यॉर्कर टाकायचा होता, पडला फुलटॉस. जावेदने तो सिक्स मारला.

मी रडलो. चेतन शर्मा मला खूप आवडायचा. घरी आल्यावर अब्बांनी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. उन्हाळ्याचे दिवस, घरात जीव उकडत होता. मला वाटलं, मला समजवायला सगळे जवळ बसणार. पण मामूला काहीतरी बोलायचं होतं आणि त्याच्यासाठी ती खिडकी लावलेली होती. मामू गिरणीत कामाला होता, क्रिकेटवेडा. भारत हरला म्हणून त्याचं तोंड उतरलेलं, तरी त्याच्याने राहवेना. अगदी हळू आवाजात म्हणाला, "पन शॉट क्या था रे." अब्बा म्हणाले, "चुप बैठ."

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. वर्गात शिरताच एका मुलाने विचारलं, "काय बे, काल तुमच्यात पेढे वाटले का?" तो काही वाईट मुलगा नव्हता. घरी मोठी माणसं बोलली असतील, ते त्याने तसंच उचललेलं. पण 'तुमच्यात' या शब्दाचा अर्थ मला त्या सकाळी पहिल्यांदा कळला. मी रात्री रडलो होतो हे सांगायचंही मला सुचलं नाही. सांगून कुणाला पटलं असतं? शाळेत 'आपले शहीद' म्हणून चार हुतात्म्यांत कुर्बान हुसेन यांचं नाव आम्ही म्हणायचो. त्याच शाळेत मी कुठल्या बाजूचा, हा प्रश्न मात्र मला पडला नव्हता, मला विचारला गेला होता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. १९९० मध्ये ब्रिटनच्या नॉर्मन टेबिट नावाच्या नेत्याने तिथल्या आशियाई लोकांबद्दल हाच सवाल केला होता, क्रिकेटमध्ये ते कुणाच्या बाजूने ओरडतात? त्याला तिकडे 'क्रिकेट टेस्ट' म्हणतात. पण ते लोक निदान परदेशातून तिथे गेलेले. आमच्या पिढ्यान् पिढ्या सोलापूरच्या मातीत गेल्या, तरी आमची परीक्षा दर मॅचला. आणि या परीक्षेत पास झाल्याचं सर्टिफिकेट कधी मिळत नाही. म्हणून १९९८ मध्ये, बाबरी पडून पाच वर्षं झाली असताना, मी रस्त्यावर उभा राहून ओरडलो. त्या दिवशी भारताचा कॅप्टन अझरुद्दीनच होता. तेही मला तेव्हा एक जास्तीचं सर्टिफिकेट वाटलं होतं.

तर हॉटेलात कानिटकर संपल्यावर गाडी शारजाकडे वळणारच होती. शिक्षक मित्र रंगात आला. "पण काही म्हण बे, जावेदची ती इनिंग म्हणजे इनिंग होती. नाबाद ११६! एकट्याने मॅच काढली. आणि तो सिक्स, काय मारला होता राव!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, बिचारा चेतन शर्मा. पुढच्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक, तरी लोकांना तो फुलटॉसच आठवतो.

मी चहा ढवळत बसलो. त्या सामन्याचं स्कोअरकार्ड मला पाठ आहे. पण 'काय मारला होता राव' हे वाक्य मी चार माणसांत आजवर एकदाही बोललो नव्हतो. ते बोलायची मुभा माझ्या मित्राला होती. त्याने जावेदचं कौतुक केलं की तो खेळाचा जाणकार ठरतो. मी केलं की?

माझ्या तोंडून निघून गेलं, "तू मला दुसऱ्या दिवशी विचारलं होतंस, तुमच्यात पेढे वाटले का म्हणून."

तो हसत होता, थांबला. "मी?"

"हो. शनिवारी सकाळी. वर्गात."

टेबल गप्प झालं. त्याला खरंच आठवत नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लाइट गेल्यामुळे न पाहिलेला चौकार आमच्या एकाला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं आठवतो आणि स्वतः बोललेलं वाक्य याच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. बोलणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं हे असंच असतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या आईचा तिळगूळही मी विसरलेलो नाही. दोन्ही एकाच घरातून आलेलं आहे, आणि दोन्ही माझंच आहे.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "इतकी वर्षं लक्षात ठेवलंस?"

"ठेवलं नाही रे. राहिलं."

त्याने माफी वगैरे मागितली नाही. मागितली असती तर दोघांनाही अवघड झालं असतं. त्याने माझ्याकडे भज्यांची प्लेट सरकवली आणि विचारलं, "मग त्या दिवशी तुमच्या घरी काय बोलले?"

मी त्याला खिडकीची गोष्ट सांगितली. मामूला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गिरणी बंद पडली, मग मामूही गेला. जावेदच्या सिक्सबद्दल तो घराबाहेर कधी बोलला असेल असं मला वाटत नाही. मी म्हणालो, "मामू म्हणाला होता, शॉट क्या था रे. आणि खरं सांगू? होताच तसा. काय मारला होता राव!"

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं. मी आवाज कमी केला नाही. म्हणजे थोडा केला. सवय एकदम कुठे जाते?