चिखल्याच्या वाटेवर एका लेकीचा माग

नागपुराहून पूर्वेकडे निघालेल्या आगगाडींतून भंडारा रोड मागें पडलें, म्हणजे पुढें तुमसर रोड हें स्थानक येतें. तेथें मुख्य मार्ग रायपुराकडे जातो आणि एक फांटा उत्तरेस तिरोडीकडे वळतो. या फांट्यावर गोबरवाही म्हणून एक लहानसें स्थानक आहे. चिखल्यास जावयाचें तर तेथें उतरणें सोयीचें. आमचा एक पुतण्या चिखल्याच्या खाणीवर नोकरीस असल्यामुळें गेल्या मार्गशीर्षांत त्याच्याकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला. यात्रेकरूंनीं मुद्दाम जावें असें हें गांव नव्हे. तेव्हां त्याचें वर्णन वाचकांस काय सांगावें, असें प्रथम वाटलें. परंतु त्या मुक्कामांत जो एक विचार मनांत घोळत राहिला, तो आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाचा आहे. म्हणून हा लेख.

भंडारा जिल्हा हा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. कोहळी लोकांनीं बांधलेलीं जुनीं तळीं हें या जिल्ह्याचें भूषण होय. तुमसर तालुक्याच्या उत्तर भागांत मात्र भूमीचें रूप पालटतें. सातपुड्याच्या टेकड्या जवळ येतात, साग, मोह व तेंदू यांचें रान लागतें, आणि महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांच्या सीमेवरून येणारी बावनथडी वैनगंगेच्या भेटीस जाते. आम्ही गेलों तेव्हां धानाची कापणी उरकून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. त्या मातीखालीं मँगनीजचा काळा दगड आहे. पोलादाच्या कारखान्यांत तो लागतो. खडा दिसावयास लहान. पण हातांत घेतला कीं मनगट खालीं जातें. मध्यप्रांतांत हें खनिज शोधण्यासाठीं १८९६ सालीं ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही इंग्रजी मंडळी निघाली. तिचा कारभार १९६२ सालीं ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ या कंपनीकडे आला. हीच आज ‘मॉइल’ या आटोपशीर नांवानें ओळखली जाते, आणि चिखल्याची खाण तिच्याच ताब्यांत आहे.

खाणीच्या वसाहतींत बहुतेक माणूस कोठून तरी आलेला. ओळख होतांच पहिला प्रश्न मूळ गांवाचा. उत्तर येतें तें बापाच्या गांवाचें, फार तर आज्याच्या गांवाचें. आईचें गांव कोणी विचारीत नाहीं, आणि आजीचें माहेर तर सांगणाऱ्यासही पुष्कळदां ठाऊक नसतें.

याच मुक्कामांत जुन्या कोतवाल पंजीच्या एका उताऱ्याची नक्कल आमच्या पाहण्यांत आली. विदर्भांतील वाचकांस ही पंजी परिचित आहे. गांवांतील जन्ममृत्यूंची खबर कोतवाल देई आणि ती वहींत उतरली जाई. आज जातीच्या दाखल्यासाठीं लोक तिच्या नकला तहसील कचेरींतून काढून आणतात. या उताऱ्यांत जन्माची तारीख होती, बापाचें नांव होतें, जात होती. जन्मलेल्या जिवापुढें मात्र एकच शब्द होता : मुलगी. बारशाच्या आधीं नोंद झाली म्हणून नांव नाहीं, हें खरें. मुलग्याच्या बाबतींतही असेंच होई. पण मुलगा असता तर बापाच्या नांवावरून, शेताच्या फेरफारावरून पुढें त्याचा माग लागला असता. ही मुलगी कोणत्या गांवीं दिली, तेथें ती काय नांवानें वावरली, हें सांगणारें त्या कागदांत कांहींच नव्हतें.

इंग्लंडांतील स्थिति निराळी. तेथील प्रत्येक पॅरिशच्या देवळांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असा हुकूम १५३८ सालीं निघाला. व्हिक्टोरिया राणी १८३७ सालीं गादीवर आली, आणि त्याच वर्षीं जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८४१ पासूनच्या खानेसुमारीच्या कागदांत घरांतील एकेका माणसाचें नांव वाचावयास मिळतें. त्यामुळें त्या राणीच्या कारकीर्दींतील एखादी शिंपीण किंवा मोलकरीण कोणाची कोण, कोठें नांदली, तिची मुलें किती, हें तिचे वंशज आज घरबसल्या शोधून काढतात. आपल्याकडेही राज्य त्याच राणीचें होतें. १८७२ पासून खानेसुमारीही होऊं लागली. परंतु आंकडे काढून झाल्यावर घरोघरचे कागद राखले गेले नाहींत. जन्ममृत्यूची नोंद साऱ्या देशांत सारखीच सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्यानें.

मग त्या काळांतील आपल्या स्त्रियांचा शोध कशांत घ्यावा? नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आहेत. मूळ गांव व आडनांव सांगितलें कीं उपाध्याय नेमकी वही काढतो आणि आपल्या पणज्याचें हस्ताक्षर समोर येतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अनेक घराण्यांनीं छापलेले कुलवृत्तान्त आहेत. पण या साऱ्यांत वेल चालतो तो पुत्राकडून पुत्राकडे. बायको येते ती बहुधा एका नांवानें, आणि तें नांवही सासरीं तांदुळाच्या ताटांत लिहिलेलें. लेक येते ती एका ओळीपुरती. लग्नाबरोबर तिची ओळ संपते.

यांत विशेष हें कीं, शास्त्रास असें अभिप्रेत दिसत नाहीं. महालयांत पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही व प्रपितामही यांचा नांवानें उच्चार करावा लागतो. मातामहादि तिघांचाही त्यांच्या स्वतःच्या गोत्रासह करावा लागतो. विवाहाचें सापिंड्य पाहतांना पितृकुलाकडून सात पिढ्या व मातृकुलाकडून पांच पिढ्या मोजावयाच्या असतात. आईचें कूळ ठाऊक नसेल तर त्या पांच पिढ्या मोजावयाच्या कशा? धर्मकृत्यास जें लागतें, तेंच आपण लिहून ठेवीत नाहीं.

या विचारांत असतांना आम्हांस लक्ष्मीबाई टिळक यांची आठवण झाली, आणि तिला कारण ही वाटच होती. ज्या मार्गानें आम्ही तुमसर रोडास आलों, त्याच मार्गानें रेव्हरंड नारायण वामन टिळक, त्या वेळीं ते रेव्हरंड व्हावयाचे होते, नागपूर सोडून राजनांदगांवास गेले. हें १८९३ च्या सुमाराचें. त्या प्रवासांत डब्यांतील एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं बायबलाची प्रत दिली, ही हकीकत मराठी वाचकांस ठाऊक आहे. एका घराचें जीवन ज्या प्रसंगानें बदललें, तो या रुळांवर घडला. तुमसर रोडाहून चिखल्याकडे वळण्याचें तेव्हां फारसें कोणास कारण नव्हतें. खाणींची मंडळीच अजून निघावयाची होती.

आतां या बाईंचा माग काढूं लागा. जन्म १८६८ चा, नाशिकजवळील जलालपूरचा. पण जलालपूरच्या गोखल्यांत ‘लक्ष्मी’ शोधूं गेलें तर ती सांपडणार नाहीं; तेथें तिचें नांव मनकर्णिका. वडील सोंवळ्यापायीं साऱ्या घरास जेरीस आणणारे. असें त्यांस कां झालें? गोखल्यांची वंशावळ कितीही चाळली तरी याचें उत्तर तींत मिळावयाचें नाहीं. तें आईच्या माहेरीं आहे. त्र्यंबकचे वासुदेव भगवंत जोगळेकर हे बाईंचे मातामह. १८५७ च्या धामधुमींत त्यांस फांशी झाली, आणि त्या आघातापासून वडिलांचें सोंवळें वाढीस लागलें असें बाईंनीं नमूद केलें आहे. म्हणजे गोखल्यांच्या घरांत जें घडलें त्याचें कारण जोगळेकरांच्या घरांत. आईचें कूळ लिहिलें नाहीं, तर पुढील पिढीस वडिलांचें वेड तेवढें दिसेल; त्यामागील दुःख दिसणार नाहीं.

१८८० सालीं, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आंत, मनकर्णिकेचें लग्न झालें आणि ती टिळकांची लक्ष्मी झाली. १८९१ सालीं पुत्र देवदत्त जन्मला. येथपर्यंतचा वेल कोणत्याही घरासारखा. परंतु १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि बाईंचें नांव लिहावयाचें तरी कोणत्या वहींत असा प्रश्न उभा राहिला. सासरच्या वेलींत पतीचीच फांदी तुटली. माहेरीं त्या दिलेली लेक. पतीच्या नव्या मंडळींत त्या गेल्या नव्हत्या. पति जिवंत असून सोबत नाहीं, अशा स्त्रीसाठीं आमच्या वंशावळींत रकानाच नाहीं.

कायद्याचें लक्ष मात्र या प्रश्नाकडे आधींच गेलें होतें. धर्म बदलला एवढ्यावरून वारसाहक्क बुडत नाहीं, असें १८५० च्या २१ व्या कायद्यानें ठरविलें होतें. धर्मांतरामुळें जोडीदार नांदावयास येत नसेल, तर विवाह मोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्यानें केली होती. या घरांत ती वाट धरली गेली नाहीं. लग्न अभंग राहिलें, पत्रें येत जात राहिलीं. आणि त्या कठीण काळांत बाईंना आसरा मिळाला तो थोरल्या बहिणीच्या घरीं. कागदावरून पाहिलें तर ‘दिलेल्या लेकीं’चें एकमेकींशीं कांहीं नातें उरत नाहीं, प्रत्यक्षांत एका दिलेल्या लेकीनें दुसरीस सांभाळलें. हें नातें कोणत्याही कुलवृत्तान्तांत सरळ रेघेनें दाखवितां येत नाहीं. सुमारें पांच वर्षांनीं, १९०० सालीं, लक्ष्मीबाईंनींही बाप्तिस्मा घेतला. तेथून पुढील नोंदी ख्रिस्ती मंडळींच्या वह्यांत जातात. राणीची कारकीर्द १९०१ सालीं संपली, तेव्हां या बाईंचें आयुष्य तीन कुळांत आणि दोन धर्मांत विखुरलेलें होतें.

तें एकत्र केलें कोणी? त्यांनीं स्वतः. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं बाईंचा अंत झाला. शाळेचें तोंड न पाहिलेल्या स्त्रीनें तो ग्रंथ लिहिला नसता, तर गोखले, जोगळेकर व टिळक या तीन घरांना जोडणारा धागा आज कोणाच्या हातीं लागता? पुढें नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं त्या ग्रंथाचें संपादन केलें. आजीच्या आठवणी नातवाने जपल्या, हें त्या घराचें भाग्य.

असें लिहिणारी स्त्री प्रत्येक घरांत कोठून मिळणार? आनंदीबाई कर्वे यांनींही ‘माझें पुराण’ लिहून ठेवलें म्हणून कळतें कीं, जोश्यांची गोदूबाई बालपणींच नातूंच्या घरीं विधवा झाली आणि १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह होऊन आनंदीबाई झाली. तीन आडनांवें, दोन नांवें, माणूस एक. अशा शेंकडों गोदूबाई व मनकर्णिका आपल्याही घरांत होऊन गेल्या. त्यांनीं कांहीं लिहिलें नाहीं, आणि आपण त्यांची नोंद ठेविली नाहीं.

आमचें स्वतःचें वळण जुनें आहे, आणि धर्मांतराचा पुरस्कार करण्यासाठीं हा लेख नाहीं. पण वंशावळ म्हणजे निवाडा नव्हे. कोण वागला कसा, हें ठरविण्याचें काम तिचें नाहीं; कोण होऊन गेलें, एवढें तिनें सांगावें. घर सोडून गेली म्हणून, पुनर्विवाह केला म्हणून, मूल झालें नाहीं म्हणून एखादीचें नांव गाळलें, तर आपण तिला शिक्षा करीत नाहीं. पुढील पिढ्यांस खोटें सांगतों.

यासाठीं फार खटाटोप नको. वंशावळीच्या वहींत प्रत्येक सुनेच्या पुढें तिचें माहेरचें नांव, बापाचें व आईचें नांव, गांव आणि गोत्र लिहावें. प्रत्येक लेकीपुढें सासर व मुलें लिहावीं. अल्पायुषी मुलें, परत आलेल्या मुली, दुरावलेलीं माणसें, यांस वगळूं नये. ही माहिती पुरुषांस विचारूं नये. घरांतील सर्वांत वृद्ध बाईस विचारावी, आणि आज विचारावी. कोणत्या मरणाची वार्ता कोठें गेली आणि सूतक कोणीं किती दिवस धरलें, हें तिला बिनचूक सांगतां येतें. जुन्या लग्नांतील आहेराच्या याद्या पेटींत असतील, त्या टाकूं नयेत. आत्या, मावश्या व त्यांचीं घरें त्यांत ओळीनें सांपडतात. वंशावळीची वही बहुधा देवघरांत किंवा कपाटांत असतेच. तींत मनकर्णिका आणि लक्ष्मी हीं दोन्ही नांवें एका ओळींत आलीं, म्हणजे पुरे.