दुसऱ्या भागाचं गणित

उन्हाळा आला की हापिसात दोन विषयांवर पैजा लागतात. एक आयपीएल, आणि दुसरा म्हणजे येणाऱ्या एखाद्या सीक्वेलचा धंदा किती होणार. आयपीएलचं सोडा, तिथे सगळेच तज्ज्ञ. सिनेमाचं गणित मात्र आम्हा एक्सेलवाल्यांना फारच सोपं वाटतं. पहिल्या भागाची कमाई घ्या, तिकिटाची महागाई चढवा, पडदे वाढले असतील तर तेही धरा, सुट्ट्यांचे चार पैसे वर टाका. झालं!

आता हे 'बाहुबली'ला लावून बघा. पहिला भाग जुलै २०१५ चा, हिंदी डबिंगचा धंदा सुमारे ११८ कोटी. दुसरा २८ एप्रिल २०१७ चा, तोही डबच, आणि एकट्या हिंदीत ५०० कोटींच्या वर. दोन वर्षांत तिकीट काही चौपट महागलं नव्हतं. 'केजीएफ'ची तर कमालच! डिसेंबर २०१८ मध्ये हिंदीत पन्नास कोटींच्या आत, आणि एप्रिल २०२२ मध्ये दुसऱ्या भागाने हिंदीत चारशे कोटी पार केले.

या गणितात एक रकाना राहून जातो. पहिला भाग थिएटरातून उतरल्यावर तो किती जणांनी बघितला? टीव्हीवर, मोबाइलवर, शेजाऱ्याकडे, कुठेही. हा आकडा कुठल्याच ट्रेड रिपोर्टात नसतो. २०१७ साली तो नायगावला मिळत होता :)

नायगाव म्हणजे माझं आजोळ. नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. तेलंगण जवळ, त्यामुळे प्रभास वगैरे मंडळी तिकडे डबिंगच्या आधीपासूनच ओळखीची. मामेभावाचं मोबाइलचं दुकान होतं आणि तेव्हा अशा दुकानांत मेमरी कार्डात सिनेमे भरून मिळायचे. (चोरीच ती, मान्य.) एप्रिलमध्ये मी पीएलच्या नावाखाली तिथे जाऊन पडलो होतो. बघतो तर दोन वर्षं जुना पहिला भाग लोक नव्याने भरून नेत होते!

"दादा, रोज पाच-सहा जण तरी मागायलेत," भाऊ म्हणाला. "कट्टप्पानं कामून मारलं ते समद्यायलाच बघायचंय."

यातल्या बहुतेकांनी २०१५ मध्ये तिकीट काढलं नव्हतं. म्हणजे एक्सेलमध्ये त्यांची किंमत शून्य. आणि ३० एप्रिलच्या रविवारी मामाच्या गल्लीतून जीप भरून नांदेडला गेली. आजीसकट!

अर्थात नुसतं टीव्हीवर सारखं लागून भागत नाही. 'बंटी और बबली' (२००५) कितीदा लागला असेल, पण दुसरा भाग नोव्हेंबर २०२१ मध्ये साफ आपटला. कोविडचे दिवस होते हे खरं, पण पहिल्या भागाची गोष्टच संपलेली होती, कुणाचा जीव कशात अडकला नव्हता. उलट दगडू-प्राजक्ताचं पुढे काय झालं हे बाकी होतं, म्हणून १ मे २०१५ ला आलेल्या 'टाइमपास २' ला कलाकार बदलूनही जोरदार ओपनिंग मिळालं. मग 'नवरा माझा नवसाचा'चं काय, असं कुणी विचारेल. २००४ च्या सिनेमात काही अडकलेलं नव्हतं, तरी २०२४ मध्ये दुसरा भाग चाललाच की. माझ्या मते तो सिनेमा वीस वर्षं टीव्हीवर बघून बघून लोकांच्या घरचाच झाला होता. हे रकान्यात कसं बसवायचं, देव जाणे.

पैजेपुरतं असतं तर गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण वितरक शो वाटतो तो अशाच अंदाजांवर. पहिला भाग ज्या गावाच्या आसपास लागलाच नाही, तिथली कमाई शून्य. म्हणून दुसऱ्या भागाला तिथे शो नाहीत. शो नाहीत म्हणून लोक मोबाइलवर बघतात, आणि कागदावर पुन्हा शून्य! प्रभासच्या सिनेमाला हा फेरा तोडता येतो, कारण त्याच्यासाठी लोक जीप करून पन्नासेक किलोमीटर जातात. मराठी सिनेमाचा नांदेडला सकाळचा एकच शो असेल तर नायगावचा माणूस निघणार कधी आणि पोचणार कधी? तो जात नाही. मग "मराठवाड्यात मराठी सिनेमा चालत नाही" असं पुण्या-मुंबईत बसून ठरतं.