धरणकाठची मुलं आणि कॅप्टन नेमो

दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना कोणती पुस्तकं द्यावीत, हा प्रश्न मला शिक्षक आणि पालक सतत विचारतात. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतल्या झेडपीच्या शाळांत मी वाचनपेट्या घेऊन फिरते, त्यामुळे यादी तयारच असेल असं त्यांना वाटतं. यादी मी देतेही. पण त्याआधी विचारते, की तुमच्या गावच्या पोरांना सगळ्यात जास्त कशातलं कळतं? बऱ्याच खोऱ्यांतून एकच उत्तर येतं : पाण्यातलं.

येणारच. वेळवंड खोऱ्यात भाटघरचं पाणी, हिरडस मावळात नीरा-देवघरचं, वेल्ह्याकडे गुंजवणी, पलीकडे पानशेत आणि वरसगाव. जुनं गाव पाण्याखाली, नवं गाव डोंगराच्या अंगाला, ही गोष्ट इथल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या बोलण्यात असते. उन्हाळ्याच्या अखेरीला भाटघरचं पाणी ओसरलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. एरवी वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखालीच. अशा मुलांना समुद्रतळाची गोष्ट परकी कशी वाटेल? म्हणून माझ्या पेटीत सगळ्यात वर भा. रा. भागवतांचं ‘समुद्र सैतान’ असतं.

ज्यूल व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’चं हे मराठी रूप. मूळ कादंबरी १८७० च्या सुमाराची. तेव्हा विजेवर चालणारी, महिनोन् महिने समुद्रात राहणारी पाणबुडी कुणी पाहिली नव्हती. व्हर्नने ती कागदावर उतरवली. मुलांना वीस हजार लीग म्हणजे खोली वाटते. मी फळ्यावर हिशोब मांडायला लावते. एक लीग चार किलोमीटरची धरली, तर झाले ऐंशी हजार किलोमीटर. पृथ्वीचा व्यास जेमतेम पावणेतेरा हजार. मग एवढं खोल जाणार कुठे? हे पाण्याखालून कापलेलं अंतर आहे, पृथ्वीभोवती दोन फेऱ्या होतील एवढं, हे त्यांचं त्यांनाच सापडतं आणि वर्गात कल्ला होतो. त्यानंतर पुस्तकासाठी ओढाताण होते ती मला हवीच असते.

पाणबुडीचा कप्तान नेमो कोण, हे व्हर्नने पुढच्या ‘मिस्टिरियस आयलंड’मध्ये उघड केलं. तो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला. व्हर्नला खरं तर त्याला रशियाविरुद्ध पेटलेला पोलिश माणूस करायचं होतं, पण प्रकाशक हेत्झेलने ते मान्य केलं नाही. मुलांना मी पहिलं पुस्तक संपेपर्यंत यातलं अवाक्षर सांगत नाही. मात्र सिलोनजवळच्या प्रसंगाशी थांबते. तिथे नेमो एका गरीब मोती काढणाऱ्या पाणबुड्याला शार्कच्या तावडीतून सोडवतो आणि मोत्यांची थैली त्याच्या हातात ठेवतो. साऱ्या जगाशी वैर धरलेला माणूस याच्यासाठी जीव धोक्यात का घालतो? मुलं आपापले तर्क लढवतात. पुढे डक्करचं नाव कळल्यावर आठवणीने परत त्या पानाकडे जातात. मागे जाऊन वाचावंसं वाटणं, हीच या वयातली खरी कमाई आहे असं मी मानते.

मूळ कादंबरीतला एक प्रसंग मी नेहमी तोंडीच सांगते. रात्रीची वेळ. नेमो प्राध्यापक अ‍ॅरोनॅक्सला पाणबुड्याचा पोशाख चढवून अटलांटिकच्या तळावरून चालत नेतो. पुढे समुद्राखालचा ज्वालामुखी धगधगतोय आणि त्याच्या उजेडात पडकी छपरं, ढासळलेली देवळं, कमानी दिसताहेत. पोशाखामुळे बोलता येत नाही. नेमो खडूसारखा एक दगड उचलतो आणि काळ्या बसाल्टच्या खडकावर बुडालेल्या नगरीचं नाव लिहितो : अटलांटिस. बसाल्ट म्हणजे आपला काळा कातळ, राजगड-तोरणा ज्याचे आहेत तोच, एवढंच मी जोडते. वेळवंड खोऱ्यातल्या एका वर्गात हे सांगितलं तेव्हा सहावीतल्या मुलीने विचारलं, “बाई, आपल्या धरणात तो आला असता तर त्याने काय लिहिलं असतं?” मग मुलांनी घरी ऐकलेली नावं सांगायला सुरुवात केली : खालचा मळा, गोठण, वडाची वाडी. फळा भरला. बुडालेल्या गावांची गोष्ट मुलांसाठी कुणीतरी कादंबरीभर लिहायला हवी. तिचे वाचक इथे हजर आहेत.

पाण्याचीच दुसरी बाजू ‘श्यामची आई’त आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातलं पोहण्याचं प्रकरण मी सुटं काढून वाचते. श्याम पाण्याला भिऊन लपतो, आणि पोराला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. आईने मारलं ते बरोबर का, यावर मुलं हिरिरीने भांडतात. धरणाकाठच्या आया पोरांना पाण्यापासून लांब ठेवतात, त्यामुळे हा वाद थेट त्यांच्या घरातला होऊन बसतो.

पाण्याची तहान भागली की पुढचं सोपं. फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. सातवीनंतर गो. नी. दांडेकरांचं ‘वाघरू’ द्यावं. त्यात राजगड आहे, आणि त्या गडाच्या सावलीत वाढलेली पोरं लेखकाच्या वाटा-चोरवाटा तपासून पाहतात. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ शेतकऱ्याच्या घरात आईबापही वाचतात. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ मला अतिशय प्रिय आहे, पण आठवीच्या आधी देऊ नये. त्याचा शेवट सोसायला थोडं वय लागतं. पु. लं.चं ‘एका कोळियाने’ वाचायला देण्यापेक्षा मोठ्याने वाचून दाखवावं. चौऱ्याऐंशी दिवस मासा न लागलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट धरणात जाळं टाकणाऱ्यांच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

देणगीत येतात ते पातळ बोधकथांचे गठ्ठे मात्र मी पेटीत भरत नाही. गोष्टीखाली तात्पर्य छापलेलं असलं की मुलं आधी तात्पर्य वाचतात आणि पुस्तक मिटतात. त्यापेक्षा बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक शतपटीने बरे. १९७१ पासूनचं हे मासिक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतं, आणि दोनशिक्षकी शाळेतही एखादा मोबाईल असतोच.

शिक्षकांकडे माझं एक मागणं आहे. परीक्षा संपली की शाळेच्या कपाटाला कुलूप लागतं ते थेट जूनमध्ये निघतं. म्हणजे कांबरेश्वर पाण्याबाहेर येतो, मुलांना दिवसभर सवड असते, नेमके तेच दिवस पुस्तकांविना जातात. ज्या शाळा ऐकतात तिथे मी एप्रिलमध्येच पेटी गावातल्या एखाद्या घरी ठेवते आणि देवघेवीची वही सातवीच्या मुलांच्या हाती देते. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, एवढे चार रकाने पुरतात. पुस्तकं थोडी मळतात, एखादं हरवतं. त्याची किंमत पेटीच्या खर्चातच धरावी आणि एप्रिलमध्ये पेटी द्यावी.