लाखोळीची पिशवी

नंदिनी नगरच्या खाण-वसाहतीत आम्ही विदर्भातली बिऱ्हाडं. कुणी भंडाऱ्याचं, कुणी गोंदियाचं. खाणीतली चुनखडी भिलाईच्या भट्ट्यांना जायची आणि घरोघरी लाखोळीची डाळ शिजायची. इथले लोक तिला तिवरा म्हणतात. धान उभं असतानाच ओल्या बांधीत बी फेकायचं, बस्स. ना नांगर, ना पाणी. कोवळा पाला खुडून भाजी, उरला तो उन्हाळ्यासाठी वाळवायचा. हिरव्या शेंगा पोरांच्या खिशात. डाळीचे वडे, डाळीच्या पाटवड्या, आणि घरात काहीच नसलं तर लाखोळीचं पिठलं.

आजी डाळ गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी ओतून द्यायची, मगच गंज चुलीवर. तीही रोज नाही. मध्ये तूर, मध्ये मूग. नुसत्या लाखोळीवर दिवस काढले तर माणसाचे पाय जातात, हे तिला ठाऊक होतं. दुष्काळात तसं झालंही होतं, रीव्याकडे तर फार.

म्हणूनच सरकारनं १९६१ साली तिच्या विक्रीबंदीचा नियम केला, पण तो कधी लागू करायचा हे ज्या त्या राज्यावर सोडलं. महाराष्ट्रानं बंदी घातली, मध्य प्रदेशानं घातली नाही, आणि आमचा छत्तीसगडचा भाग तेव्हा मध्य प्रदेशातच. म्हणजे डोंगरगडला उघड्यावर मापून मिळणारी डाळ पुढे महाराष्ट्रातल्या सालेकसाला विकली की गुन्हा! दिवाळीत माहेरी निघताना आमच्या आया तिची पिशवी गाठोड्याच्या तळाशी ठेवत, वर लुगडी. विकायची थोडीच होती, मामासाठीच न्यायची; तरी टीसी आला की उगाच पदर सावरत. त्याला बिचाऱ्याला डाळीचं काय!

बंदीनं लाखोळी थांबली नाहीच. तुरीत मिसळून, बेसनात दळून फिरत राहिली. राजरोस विकली असती तर घेणारीला निदान कळलं असतं, भिजवून पाणी काढता आलं असतं. ‘पाणी ओतून द्या’ एवढं सांगायला एक पत्रक पुरलं असतं. पत्रक काढण्यापेक्षा बंदी सोपी, दुसरं काय.

नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी या डाळीवरची बंदी उठावी म्हणून उपोषणं केली. रायपूरच्या कृषी विद्यापीठानं कमी विषाचा ‘महातिवरा’ वाण काढला. २०१६ साली आयसीएमआरच्या समितीनं अशा वाणांना हरकत नाही म्हटलं. आता मामाकडच्या सुनाच फोन करतात, येताना दोन किलो आणा म्हणून. आई नेते, पण पिशवी अजून बॅगेच्या तळालाच, वर साड्या.