प्रभातच्या आवारांतील आंबा

वाशीहून पुण्यास आमचें येणें बहुधा लग्नामुंजीपुरतेंच होतें. या खेपेस मात्र पुतणीनें हट्ट धरला, ‘काकू, मला फिल्म इन्स्टिट्यूट पाहावयाची आहे; तूं चल.’ तिला तेथें शिकावयाचें आहे आणि तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा, त्यास विरोध. ‘जेथें विद्यार्थी गुरुजनांविरुद्ध भिंती रंगवितात, तेथें आमची मुलगी जावयाची नाहीं,’ हा त्यांचा निकाल. परवानगी काढून आम्ही दोघी आंत गेलों.

लॉ कॉलेज रस्त्यावरील हें आवार मुळीं ‘प्रभात’चें. १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेली ही कंपनी १९३३ मध्यें येथें आली. ‘संत तुकाराम’ (१९३६) व ‘कुंकू’ (१९३७) येथेंच तयार झाले. तीं जुनीं चित्रीकरणगृहें पाहतांना आजेसासूबाईंची आठवण झाली. म्हाताऱ्या नवऱ्याशीं लावून दिलेलें लग्न न मानणारी ‘कुंकू’तली नीरा पाहून त्या घरीं आल्या, त्या दिवशीं माजघरांत मोठा वाद झाला म्हणे. थोरांचा निर्णय नाकारणाऱ्या मुलीची कथा जेथें रंगली, त्याच जागीं १९६० मध्यें ही संस्था उभी राहिली.

२०१५च्या जून महिन्यांत केंद्र सरकारनें गजेंद्र चौहान यांस संस्थेचें अध्यक्षपद दिलें. दूरदर्शनवरील ‘महाभारत’ मालिकेंतील युधिष्ठिर म्हणून त्यांस घरोघर ओळखतात. श्याम बेनेगल, अदूर गोपालकृष्णन्, गिरीश कर्नाड ज्या आसनावर बसले, त्यास साजेशी यांची चित्रपटांतील कामगिरी नाहीं, असें म्हणून विद्यार्थ्यांनीं १२ जूनला संप पुकारला. धर्मराजालाच दाराशीं अडविलें म्हणावयाचें! संप १३९ दिवस चालला. चित्रपट शिकणारीं मुलें तीं. भाषणांहून त्यांचा हात रंगांत, गाण्यांत व कॅमेऱ्यांतच अधिक चाले. भिंतींवर व फलकांवर चित्रें आणि अक्षरें उमटलीं, पथनाट्यें झालीं; आयसेन्स्टाइन व पुडॉव्हकिन या रशियन दिग्दर्शकांच्या नांवांची तर घोषणाच झाली. दामले-फत्तेलाल हेही बाबूराव पेंटरांच्या हाताखालीं तयार झालेले. येथील भिंतींना रंगाचें वावडें कधींच नव्हतें.

आवारांत एक आंबा आहे. विद्यार्थी त्यास ‘विज्डम ट्री’, म्हणजे ज्ञानवृक्ष, म्हणतात. १९६५च्या सुमारास येथें शिकविणारे ऋत्विक घटक त्याच्या सावलींत विद्यार्थ्यांशीं बोलत बसत. संपांतल्या सभाही त्याखालींच भरल्या. गुरुपदाची ज्यांना चाड नाहीं, तीं मुलें एका खुर्चीपायीं आपल्या शिक्षणाचे साडेचार महिने कशाला घालवितील, असें तेथें उभी असतां माझ्या मनांत आलें.

त्यांचें सर्वच मला पटलें असें नाहीं. ऑगस्टमध्यें अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटांच्या मूल्यमापनावरून त्यांनीं संचालकांस कांहीं तास घेराव घातला, तें अशोभनीयच. पण त्यावर मध्यरात्रीं पोलिसांनीं येऊन पांच विद्यार्थ्यांस धरून नेणें, हेंही विद्येच्या घरास शोभलें नाहीं. २८ ऑक्टोबरला संप मिटला. मागणी कांहीं मान्य झाली नव्हती. ७ जानेवारी २०१६ रोजीं चौहान आले, तेव्हां पुन्हां निदर्शनें झालीं, आणि मार्च २०१७ पर्यंत ते पदावर राहिले.

रात्रीं पानें वाढतांना हें सर्व मीं दिरांच्या कानांवर घातलें. ‘घेराव वाईटच,’ एवढेंच ते म्हणाले. ताकभात संपतां संपतां मात्र, तेथील प्रवेशपरीक्षा कोणत्या महिन्यांत असते, असें त्यांनीं मुलीकडे न पाहतां विचारलें.