तीन काउंट्यांचे कॉलेज

सरोवराकाठच्या रस्त्याने मिलवॉकीहून दक्षिणेकडे निघाले, की डाव्या हाताला मिशिगन सरोवर लपंडाव खेळू लागते. पाणी गोडे म्हणून सरोवर म्हणायचे. पैलतीर काही दिसत नाही. तासाभरात रसीन येते. विस्कॉन्सिन राज्यातले हे गाव क्रिंगल नावाच्या डॅनिश पक्वान्नासाठी प्रसिद्ध. ते अवश्य खावे, आणि मग पाण्याकाठचे गेटवे टेक्निकल कॉलेज पाहावे.

१९११ साली या राज्याने कायदा केला, की कामावर जाणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना मालकांनी आठवड्यातून ५ तास शिकायला सोडलेच पाहिजे. विधिमंडळाचे ग्रंथपाल चार्ल्स मॅकार्थी यांची त्यामागे मोठी खटपट होती. त्याच वर्षी रसीनला ही शाळा निघाली. पाच तासांत काय शिकणार, असे आपल्याला वाटते. पण मळणीयंत्रे बनवणाऱ्या या गावात दिवसभर लोखंडाशी झुंजणाऱ्या पोराला तेवढीच सवड होती.

आज ती रसीन, केनोशा आणि वॉलवर्थ या तीन काउंट्यांचे कॉलेज आहे. काउंटी म्हणजे म्हणायला जिल्हा, पण आकाराने आपल्या तालुक्यासारखी. खर्चाचा काही भाग घरादारावरच्या करातून येतो. म्हणजे वॉलवर्थचा गवळी केनोशाच्या वेल्डरच्या शिक्षणाला हातभार लावतो! आपल्याकडे मुलगा आय.टी.आय.ला गेला, तर घरात ते हळू आवाजात सांगतात.

केनोशात मोटारी बनत. १९८८ च्या डिसेंबरात क्रायस्लरने तिथली मोटारजोडणी थांबवली, २०१० साली इंजिनांचा कारखानाही मिटला. अशा गावात पन्नाशीच्या माणसाला पुन्हा बाकावर बसावे लागते. वेल्डिंग, परिचर्या, बागकाम, जे जमेल ते. दोन वर्षांत पदवी हाती येते. नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी वही उघडायला छाती लागते हो!

पश्चिमेला वॉलवर्थमध्ये यर्कीझ वेधशाळा आहे. आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ पासून अनेक वर्षे तिथे होते. लोक त्यांचे नाव घेतात, आणि ते योग्यच. पण तिथल्या दुर्बिणीचे ४० इंची भिंग मॅसॅच्युसेट्सच्या क्लार्क घराण्याच्या कारखान्यात घासून तयार झाले. कॉलेजचे एल्कहॉर्नचे केंद्र तिथून फार दूर नाही.